पाव्हण्याला वेफर घालू नयेत

॥ श्री भगवतीमाता प्रसन्न ॥

कोल्हार,
गुरुवार

सन्माननीय व्याही श्री. आप्पासाहेब यांच्या सेवेशी,

कोल्हारहून गहिनीनाथचा दोन्ही हात जोडून रामराम. आमच्याकडे माणसं, गुरं आणि विहिरीचं पाणी, तिन्ही जागच्या जागी आहेत. विहीणबाईंचा गुडघा कसा आहे? निरगुडीचा पाला पाठवला होता, तो बांधला की दारात टांगून वाळवला, ते खरं खरं कळवावं. तुमच्या कानांची चौकशी करत नाही, कारण नेवासा स्टँडवर तीस वर्षं गाड्यांचे हॉर्न ऐकून जे गेलं ते आता निरगुडीनं येणार नाही.

पत्र पाहून तुम्ही दचकाल. अलीकडे पाकिटात बँकेची नोटीस येते, नाहीतर लग्नाची पत्रिका. फोन का केला नाही म्हणाल, तर तुम्ही फोन स्पीकरवर ठेवून बोलता आणि तुमच्या गल्लीतली निम्मी मंडळी माझ्याशी बोलून घेतात. (मागच्या खेपेला मी तुम्हाला माझ्या पोटाची तक्रार सांगितली, तर शेजारच्या बाईंनी ओव्याचा उपाय सांगितला. गुण आला, पण मुद्दा तो नाही.) व्हॉट्सॲपवर लिहावं, तर आलेलं सगळं तुम्ही न वाचता 'समस्त सोयरे' ग्रुपवर ढकलता. म्हणून हा कागद. तुम्ही एकट्यानं वाचावा. वाचताना ओठ हलवू नयेत.

आता मुख्य गोष्ट. आमच्या घराण्यात जावयावर आवाज चढवायची चाल नाही. अधिक महिन्यात ज्याचे पाय धुऊन ताटात पुरणाचे धोंडे वाढले, त्याला दुसऱ्या दिवशी 'अक्कल गहाण ठेवली का' असं विचारता येत नाही. करणरावांनी चुलीत पाणी ओतलं तरी आम्ही 'वा, गारवा झाला' असंच म्हणणार. पण व्याह्याला लिहू नये असं कुठे सांगितलेलं नाही. तेव्हा जावईबापूंना म्हणायचं ते सगळं मी तुम्हाला म्हणतो. तुम्ही बाप आहात. तुमच्या शब्दांत पुढे पोचवावं, आणि शब्द निवडताना भीड ठेवू नये.

माझा धंदा तुम्हाला ठाऊक आहे, पण तुमच्या चिरंजीवांनी तो जगाला ज्या भाषेत सांगितला ती वाचल्यापासून माझाच गोंधळ उडाला आहे, म्हणून एकदा साध्या मराठीत सांगतो. प्रवरेच्या घाटावर माझं दशक्रियेच्या साहित्याचं दुकान आहे. मडकं, दर्भ, तीळ, पत्रावळ्या, पाहुण्यांना वाटायच्या टोप्या आणि टॉवेल. हे सामान कुठेही मिळतं. लोक लांबून माझ्याकडे येतात ते पाव्हण्यासाठी. पाव्हणा म्हणजे कावळा. डाव्या पंखात एक पीस पांढुरकं, बाकी सगळ्यांसारखा. मी त्याला पाळलेलं नाही. तो त्याच्या लिंबावर राहतो, मी माझ्या घरात. पण पिंड ठेवून मंडळी मागे सरली आणि मी कठड्यावर उभं राहून हाक दिली, की तो उतरतो आणि पिंडाला शिवतो. गेलेल्याची इच्छा पुरी झाली म्हणून घरचे डोळे पुसतात, आणि दर्भाचा खोटा कावळा करून पिंडाला लावायची वेळ येत नाही. हाक मारायचे मी पैसे घेत नाही. टोपी-टॉवेलचे घेतो.

दिवाळीला करणराव आले आणि दुकानाच्या बाकड्यावर बसून म्हणाले की मामा, तुमचा ऑनलाइन प्रेझेन्स शून्य आहे. मी म्हटलं, बापू, माझ्या धंद्यात गिऱ्हाईक चुकत नाही, फार तर उशीर करतं. ते हसले. पुण्यात त्यांची कंपनी लोकांना हेच शिकवते म्हणे, की कोणत्या धंद्यानं कोणत्या प्लॅटफॉर्मवर जावं. मी विचारलं, मग मी कोणत्यावर जाऊ? तर म्हणाले, सगळ्यांवर. आप्पासाहेब, तुम्ही जन्मभर कोणती गाडी कोणत्या फलाटावर लागेल ते सांगितलंत. एकच शेवगाव गाडी एकाच वेळी पाच फलाटांवर लावली असतीत, तर लोकांनी तुम्हाला कंट्रोलरच्या खुर्चीत ठेवलं असतं का? तुमच्या मुलानं माझी गाडी पाच फलाटांवर लावली.

पहिलं व्हॉट्सॲप, धंद्याचं. त्यात असं आहे की कुणी निरोप धाडला की माझ्या माघारी आपोआप उत्तर जातं. उत्तर करणरावांनी लिहिलेलं: 'नमस्कार! आपण आमची आठवण काढलीत, खूप आनंद झाला. पुन्हा पुन्हा सेवेची संधी द्यावी.' सकाळी आई गेलेला एक माणूस दुपारी मोबाईल हातात घेऊन दुकानात आला. म्हणाला, "पुन्ना पुन्ना म्हंजी काय ओ? घरात आता बाप अन् मीच उरलोय." त्याला मी टॉवेल फुकट दिले.

मग फेसबुक. तिथे माझा फेट्यातला फोटो टाकला, मागे दुकानातल्या झेंडूच्या माळा. आपल्याकडे फोटो आणि झेंडू एकत्र दिसले की लोक मजकूर वाचत नाहीत. निम्म्यांनी 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, निम्म्यांनी वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या आणि माझ्या एका चुलत भावानं खबरदारी म्हणून दोन्ही. लिंक्डइन नावाच्या ठिकाणी मी 'संस्थापक' आहे. तिथे बंगळूरचा कोणी एक कोट घातलेला माणूस माझं अधूनमधून अभिनंदन करतो. कशाबद्दल ते मी विचारलं नाही, त्यानंही सांगितलं नाही. गूगलवर लोकांनी चांदण्या द्यायच्या असतात. एकानं पाच देऊन लिहिलं, 'छान अनुभव, सहकुटुंब अवश्य भेट द्या.' दुसऱ्यानं एकच दिली, 'कावळा उशिरा आला.' ज्याच्यासाठी हे सगळं केलं त्याच्या चांदण्या कुठे मोजायच्या, ते गूगललाही माहीत नसावं.

हे सगळं मी गिळलं. कारण या चारांनी माझं काही वाकडं केलं नाही. वाकडं केलं ते पाचव्यानं, इन्स्टाग्रामनं, आणि तिथे मी नाही, पाव्हणा आहे. करणरावांनी त्याचा पांढऱ्या पिसासकट व्हिडिओ काढला, मागे ढोलकी लावली आणि खाली लिहिलं, 'स्वर्गाचा डिलिव्हरी बॉय'. (माझ्या वडिलांच्या पिंडाला याच घाटावर पाव्हण्याचा कुणी पूर्वज शिवला आहे. म्हणजे ते पार्सल होते की काय?) तो व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला की शिर्डीला निघालेल्या मोटारी रस्ता सोडून घाटावर उतरू लागल्या. कॉलेजची पोरं, नवी लग्न झालेली जोडपी, एक कुटुंब तर मुंजीचा मुलगा घेऊन आलं. सगळ्यांना पाव्हण्याबरोबर फोटो हवा. आणि पाव्हणा फुकट कसा येईल? मग वडापाव, फरसाण, चकली. त्याला सगळ्यात आवडले ते मिठाचे पिवळे वेफर. जो पक्षी जन्मभर भाताच्या पिंडावर समाधानी होता, तो पाकीट फाडल्याच्या आवाजाला मान वळवू लागला. मी दुकानावर पाटी लावली, 'पाव्हण्याला वेफर घालू नयेत.' लोकांनी पाटीबरोबरही फोटो काढले. तुम्हाला खोटं वाटेल, पण करणराव स्वतः दर शनिवारी पुण्याहून वेफरची मोठी पाकिटं आणू लागले. त्याला ते कंटेंट म्हणतात.

अशा दिवसांत पलीकडच्या वस्तीवरचे भिमाजी गेले. त्यांचा दहावा एका रविवारी आला. भिमाजींना तुम्ही पाहिलंय, आमच्या ज्ञानेश्वरीच्या नि करणरावांच्या लग्नात पंगतीत 'मीठ कमी हाय' म्हणून ओरडले होते ते. तोंडानं फटकळ, व्यवहाराला सरळ. त्यांना कल्याण आणि अजिनाथ हे दोन मुलगे, आणि पंकजा ही मुलगी. पंकजा नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी आली आणि शेवटची वर्षं म्हाताऱ्याचं सगळं तिनं काढलं, जेवणापासून अंथरुणापर्यंत. भिमाजी माझ्या बाकड्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "रस्त्याकडचं एकर पंकीचं. मी मेल्यावर कुनी नाट लावला तर उठून येईन." ते मेले आणि भावांनी हक्कसोडीचा कागद तयार केला. तेरावा झाला की पंकजाची सही घ्यायची. हे अख्ख्या वस्तीला माहीत होतं आणि अख्खी वस्ती मूग गिळून बसली होती. त्यात मीही होतो, कारण मी घाटावर सामान विकतो, न्याय विकत नाही.

पिंड ठेवला. मंडळी मागे सरली. मी कठड्यावर चढून हाक दिली. पाव्हणा लिंबाच्या फांदीवर दिसत होता, पण हलेना. पुन्हा हाक दिली. त्यानं चोच फांदीला पुसली. ऊन चढायला लागलं. गुरुजींना पुढे राहुरीला जायचं होतं, ते दर्भ हातात घेऊन माझ्याकडे बघू लागले. मी मान हलवली. माझ्या घाटावर दर्भाचा कावळा होणार नाही. मी इथे कुणाच्या बापाला भीत नाही, आणि इथे येतो तो प्रत्येक जण कुणाचा तरी बापच असतो.

मग सुरू झाल्या कबुल्या. श्रद्धांजलीच्या भाषणांसाठी माईक लावलेला होता, तो धाकट्या अजिनाथनं उचलला आणि बापाला, म्हणजे त्यांच्या दादांना, साकडं घातलं. "दादा, म्हशी इकनार न्हाई." कावळा जागेवर. "तंबाखू सोडतो, दादा." कावळ्यानं पंख झाडले. कल्याणनं माईक घेतला आणि मारुतीला चांदीचा मुकुट कबूल केला. एका पुढाऱ्यानं न मागता भिमाजींच्या नावानं कमान कबूल केली. कुणीतरी पिंडाजवळ विडी ठेवली, कुणी चहा ठेवला, पंगतीतलं आठवून कुणी चिमूटभर मीठही ठेवलं. पाव्हणा सगळं ऐकत होता आणि कशालाच बधत नव्हता. माझा घसा बसला. आप्पासाहेब, तुम्हाला म्हणून सांगतो. इतक्या वर्षांची माझी हाक लोकांच्या डोळ्यांदेखत वाया चालली होती, आणि मला रडू आलं.

शेवटी रंगुबाई उठल्या. भिमाजींच्या मंडळी. ती बाई कधी चारचौघांत बोललेली मला आठवत नाही. त्या कल्याणजवळ गेल्या आणि म्हणाल्या, "कल्यान, त्यांला काय पायजे ते तुला ठाव हाय. सगळ्यांलाच ठाव हाय. मुकुट काय घालतू मारुतीला?" माईक कल्याणच्या हातातच होता, त्यामुळे हे पार पुलावर ऐकू गेलं. कल्याणचा चेहरा उतरला. त्यानं भावाकडे पाहिलं, गुरुजींकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग माईकमध्येच म्हणाला, "दादा, रस्त्याकडचं एकर पंकीचं. कागद फाडतो. तिच्या नावानं दस्त करून देतो. आता तरी या."

आणि पाव्हणा आला. थेट पिंडावर. एक नाही, तीन चोची मारल्या. माणसं रडली, गुरुजींनी दर्भ खिशात घातला, पुढारी म्हणाले की कमान होणारच. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, अशी म्हण आहे. मी म्हण सांगितली. जास्त काही बोलत नाही. पंकजा मात्र मागे लिंबापाशी उभी होती ती तशीच उभी राहिली.

आता तुम्हाला वाटेल की यानंतर माझ्या दुकानात रीघ लागली असेल. उलट झालं. 'कोल्हारचा कावळा बहिणीचा वाटा दिल्याबिगर शिवत न्हाई' ही बातमी पंचक्रोशीत इन्स्टाग्रामच्या आधी पोचली. ज्या घरात बहीण आहे आणि जमीन आहे, त्या घरचे भाऊ आता माझ्या घाटाला वळसा घालून दुसरीकडे विधी करतात. बहिणींचे मात्र फोन येतात. "नाना, आईचं तुमच्याच घाटावं व्हावं असं आमाला लई वाटतंय, पन दादा न्हाई म्हनतो." असा दादा परवा दुकानात आला, टोप्या घेतल्या आणि हळूच विचारलं, "ते पाखरू सोमवारी गावाला-बिवाला जानार हाय का?" टॉवेलांचे गठ्ठे तसेच पडून आहेत. आमची मंडळी रतनबाई आता घरात पुसायला नवे टॉवेल घेते.

हे करणरावांच्या कानावर गेलं, आणि इथून माझी खरी तक्रार सुरू होते. ते म्हणाले, "मामा, काळजी सोडा. त्या दिवसाचा एक व्हिडिओ माझ्याकडे आहे. रविवारी टाकतो. लोकांचा गैरसमज जाईल, धंदा पहिल्यासारखा." मी म्हटलं, टाकू नका. ते म्हणाले, वर्षातला सगळ्यात भारी कंटेंट आहे. मी म्हटलं, टाकू नका. ते म्हणाले, मामा, तुम्हाला मार्केटिंग कळत नाही.

तर कळवतो की मला कळतं. म्हैस विकायची असेल तर बाजारात सांगावं, मुलगी बघायची असेल तर गिरणीवर, पाऊस पडला की नाही ते एसटीत, आणि मेलेल्या माणसाचं घाटावर, हळू आवाजात. ज्या त्या गोष्टीला तिचा ओटा ठरलेला आहे. मला पाच ओटे नकोत. मला माझा कठडा पुरे. धंदा बसला तर बसला. मी मडकी विकीन, नाहीतर लिंबाखाली पाव्हण्याशेजारी बसून राहीन. कावळ्याच्या शापानं गाय मरत नाही, आणि टॉवेल न खपल्यानं गहिनीनाथही मरणार नाही. माझी पाचही खाती रविवारच्या आत बंद करावीत, असा माझा जावईबापूंना हुकूम आहे. (हुकूम तुम्ही द्यायचा. मी विनंती करतोय.)

विहीणबाईंना नमस्कार, ज्ञानेश्वरीला आशीर्वाद. करणरावांना, चाल आहे म्हणून, सप्रेम नमस्कार.

आपला,
गहिनीनाथ

ता. क. पत्र पुन्हा वाचलं. तुम्ही म्हणाल, व्याही नुसता हटवादी आहे, मुलगा त्याचं भलंच करतोय. म्हणून त्या व्हिडिओत काय आहे ते सांगतो. कठड्यावर मी उंच उभा होतो, त्यामुळे लिंबाच्या दोन्ही बाजू मला दिसत होत्या. पुढच्या बाजूला माईक होता, मागच्या बाजूला करणराव. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातानं पाव्हण्याला वेफर. पहाटेपासून. जावयाला चारचौघांत हटकायची चाल नाही, म्हणून मी नुसत्या हाका मारत राहिलो. कल्याण 'आता तरी या' म्हणाला तेव्हाच पाकीट संपलं. करणरावांनी ते उलटं करून झाडलं, पाव्हण्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि जिथे खायला दिसलं तिथे गेला. हे सगळं एका दमात चित्रित झालं आहे, मागे कल्याणचा आवाज स्पष्ट. दस्त येत्या बुधवारी आहे. भावांनी रविवारी तो व्हिडिओ पाहिला, तर बुधवारी ते हक्कसोडीचा कागद पुन्हा टाइप करून आणतील. माझे टॉवेल खपतील आणि पंकजाचं एकर जाईल. भिमाजींची इच्छा खरी होती, कावळ्याची भूक तेवढी उशिरा लागली. त्यातलं काय खरं धरायचं ते मी ठरवलं आहे, आणि मला कुणी काही विचारलेलं नाही. करणरावांना शनिवारी घरी बोलावून त्यांच्या मोबाईलमधून तो व्हिडिओ तुम्ही स्वतः काढून टाकावा. जमत नसेल तर मोबाईल हौदात पडू द्यावा. नवा मी घेऊन देईन, धोंड्याचं वाण म्हणून.

ता. क. फेसबुकवरचा फेट्यातला फोटो तेवढा राहू द्यावा. रतनबाईला आवडतो. श्रद्धांजल्या पुसता आल्या तर पाहावं.

ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात पंकजा दुकानात आली. टोपी नको, टॉवेल नको. पाटी वाचली, आणि वेफरचं एक पाकीट गल्ल्यापाशी ठेवलं. "पाव्हन्याला," एवढंच म्हणाली आणि गेली. ती त्या दिवशी लिंबापाशी उभी होती, म्हणजे तिलाही करणरावांचं पाकीट दिसलं असणार, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. पाकीट मी फोडलेलं नाही. बुधवारी दस्तावर सह्या झाल्या की पाटी उतरवीन आणि फोडीन.